शशिभाऊजींच्या दुसऱ्या खोलीत कोण वाजवतं?

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरची आणि शेजारच्या क्वार्टरची भिंत एकच आहे. पलीकडे कोणी शिंकलं तर मी अलीकडून ‘शतं जीव’ म्हणायचे, आणि पलीकडून ‘थँक्यू वहिनी’ असं उत्तर यायचं. अशी सोळा वर्षं गेली. आमचे हे म्हणतात, तुला कानांचा पगार मिळाला असता तर आपण केव्हाच इथल्या द्वारकेत फ्लॅट घेतला असता.

पलीकडचे शिंकणारे म्हणजे शशिकांत हिर्लेकर. केंद्राच्या मंत्रालयात आस्थापना शाखेत सेक्शन ऑफिसर. बत्तीस वर्षं इतरांच्या रजा, बदल्या आणि निवृत्तीचे कागद पुढे सरकवले. स्वतः मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एवढाच प्रवास. जिन्यात कोणाचा मिक्सर जळला, इस्त्री बिघडली की माणसं यांच्याकडे. खिशात टेस्टर आणि चष्मा, दोन्ही एकाच कप्प्यात. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर आमच्या जिन्यात चार मतं आहेत, त्यातली तीन माझी आहेत.

आणि हा माणूस बेस गिटार वाजवायचा. साधी गिटार नव्हे हो. लांब दांड्याची, चारच जाड तारांची, ढूम-ढूम करणारी. गाणं गाणाऱ्याचं असतं, टाळ्या पुढच्या गिटारवाल्याला पडतात, मुलं ड्रमवाल्याकडे बघतात; बेसवाला मागे उभा असतो आणि लोकांना वाटतं, हा फोटोसाठी आलाय. मी एकदा विचारलंच, “भाऊजी, तुम्ही नाही वाजवलंत तर काय बिघडेल?”

“घराचा पाया काढून बघा वहिनी.”

“आमचं सरकारी घर. पाया सरकार बघेल.”

हसले. त्यांचं हसणं म्हणजे नाकातून थोडी हवा. पण हसले.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक वाद्यवृंद असतो. कधी काळी त्यात सात जण होते, सगळे केंद्र सरकारातले. दिल्लीतली आपली माणसं हळूहळू दूर जात नाहीत. त्यांची ऑर्डर निघते. साठ झाले की महिन्याच्या शेवटच्या तारखेला शाल, घड्याळ, समोसा. मग काही महिन्यांत क्वार्टर रिकामं, आणि माणूस पुण्याला नाहीतर नागपूरला. बासरीवाले गेले, तबलेवाले गेले, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई मुलीकडे बंगलोरला गेल्या. त्यांच्या जागी नवी मुलं आली, ती सराव व्हिडिओ कॉलवर करतात. जुन्यांतले उरले दोघं. एक शशिभाऊजी, दुसरे श्याम तळपदे.

श्यामभाऊ पुढच्या गिटारवाले. वृंदाचे संचालकही तेच. बावीस वर्षं दर रविवारी चार वाजता हे गिटार घेऊन शशिभाऊजींकडे यायचे. तेव्हा ते खालच्या मजल्यावर राहायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन मुलाकडे फरीदाबादला गेले, तरी पाठीवर गिटार अडकवून मेट्रोने यायचेच. त्यांचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा तो काळा खोका, मेट्रोत न्यायला जड म्हणून इथेच असायचा. शशिभाऊजी पुढच्या खोलीत, श्यामभाऊ गॅलरीकडच्या दुसऱ्या खोलीत वेताच्या खुर्चीवर, कारण त्यांना ऊन हवं असायचं. मधलं दार उघडं. एकमेकांची तोंडं दिसत नसताना दोघं दोन तास वाजवायचे. बोलणं फारसं नसायचंच. “परत?” “परत.” एवढंच. मी भिंतीपलीकडे मटार सोलत बसायचे. माझे मटार त्या दोघांच्या तालावर सोलले गेलेत.

मग गेल्या सप्टेंबरचा गणपती आला, आणि इथे माझी जीभ मध्ये येते.

वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, तीनशे माणसं तरी असतील. आमच्या ह्यांनी तो सगळा फोनवर उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला बसले. व्हिडिओत शशिभाऊजी डोळे मिटून, मान हलवत, अगदी रंगात येऊन वाजवतायत, पण ढूम-ढूम नाहीच. पहिली दोन गाणी होतं, तिसऱ्याच्या मध्यावर गायब.

दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत ते समोर आले. मी काय गप्प बसणारी! तीसेक माणसांच्या देखत म्हटलं, “भाऊजी, काल तुमचा बॅट धरून उभं राहायचा कार्यक्रम फार सुंदर झाला हो!”

सगळे हसले. तेही हसले, नाकातून. मग म्हणाले, “म्हणजे?”

मी फोन दाखवला. त्यांनी कानाला लावून ऐकला. एक गाणं, दुसरं, तिसरं. माझं श्रीखंड संपलं, तरी ते ऐकतच होते. स्टेजवर त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा अ‍ॅम्प होता, त्यामुळे त्यांना स्वतःचा आवाज येत होता. हॉलमध्ये मात्र काहीच पोचत नव्हतं.

ते उठून वायरी गुंडाळणाऱ्या माइकवाल्याकडे गेले. तो बिचारा खरं तेच बोलला, “सर, आपका चैनल तो तीसरे गाने में ही बंद करवा दिया था। श्याम सर ने इशारा किया था।”

श्यामभाऊ तिथेच वाढपी लोकांना सूचना देत होते. शशिभाऊजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“तू बंद करायला सांगितलंस?”

“हो. त्रास होत होता.”

“किती गाणी?”

श्यामभाऊ परत वाढप्यांकडे वळले.

“अकरा,” शशिभाऊजी म्हणाले. “मी मोजली.”

आणि ते घरी निघून आले. याला भांडण तरी कसं म्हणायचं? आवाज चढला नाही की ताट आपटलं नाही. पण पुढच्या रविवारी श्यामभाऊ आले नाहीत, आणि भाऊजींनी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तीनशे माणसांत एकालाही बेस बंद झाल्याचं कळलं नव्हतं, हे त्या माणसाला माझ्या विनोदामुळे कळलं. मी सहसा माझे विनोद मागे घेत नाही. हा घेतला असता.

ऑक्टोबर, नोव्हेंबर भिंत गप्प होती. शिंक आली तर मी ‘शतं जीव’ म्हणायचे, ‘थँक्यू’ यायचं, ‘वहिनी’ गळून पडलं होतं. जानेवारीअखेर त्यांची निवृत्ती. नाशिकला बहीण कुसुमावती यांच्या घरावर एक खोली बांधून ठेवलेली. क्वार्टर आणखी काही महिने ठेवता येतं, सगळेच ठेवतात. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “कोणासाठी?” आणि बोलून झाल्यावर जरा ओशाळले, जणू ऑफिसची गोपनीय फाइल उघडी राहिली.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी ट्रक ठरला होता. त्याच्या आधी श्याम एकदा तरी येतो का, एवढ्यावरच त्यांचं सगळं लक्ष होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पण रविवारी चारच्या सुमाराला जिन्यात पाऊल वाजलं की पलीकडे खुर्ची सरकायची. पाऊल वर निघून गेलं की खुर्ची परत मागे.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी, बरोबर चार वाजता, भिंतीपलीकडे दोघं वाजवायला लागले.

मी मटार खाली ठेवले. पुढच्या खोलीतून ढूम-ढूम, आणि गॅलरीकडच्या खोलीतून बारीक, वरच्या आवाजातलं उत्तर. श्यामभाऊ? धावत जाऊन दार उघडलं, जिन्यात डोकावले. पलीकडच्या दारात त्यांचे नेहमीचे पांढरे बूट नव्हते. पायपुसण्यावर फक्त भाऊजींच्या चपला. मी पुढच्या रविवारी परत पाहिलं. परत एकच जोड. म्हणजे येणारी व्यक्ती चपला आत नेते! म्हणजे जिन्याला कळू नये अशी इच्छा आहे! माझा संशय तिथेच पक्का झाला.

मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं, “शशिभाऊजींकडे हल्ली नवा पाहुणा येतो. रविवारी चारला. गिटार वाजवतो. हात फार गोड. ओळखा पाहू?” आणि पुढे डोळा मारणारा पिवळा गोळा.

गुरुग्रामच्या सुरुचीचा लगेच मेसेज, “वाजवतो की वाजवते?”

मी तोंडावर हात ठेवलेलं माकड पाठवलं.

तासाभरात सत्तावीस मेसेज. कोणी अभिनंदन केलं, कोणी जेवण मागितलं. शशिभाऊजी ग्रुपवर नाहीत, म्हणून बरं. श्यामभाऊ आहेत. त्यांनी काही लिहिलं नाही, पण निळ्या खुणा उमटल्या होत्या. मी बघितल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र मला राहवेना. थालीपीठ थापलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि वाजवणं ऐन रंगात आलेलं बघून बेल दाबली. दोन्ही खोल्यांतला आवाज एका क्षणी थांबला. भाऊजींनी दार उघडलं. गळ्यात बेस, पट्टा खांद्यावर.

“या वहिनी.”

“बसत नाही. आमचा टॉवेल तुमच्या गॅलरीत पडलाय का बघते,” असं म्हणून मी थालीपीठ त्यांच्या हातात कोंबलं आणि थेट दुसऱ्या खोलीत घुसले.

कोणी नव्हतं. वेताची खुर्ची रिकामी. तिच्यावर धूळ मात्र नव्हती. बाकी खोलीत होती, खुर्चीवर नव्हती. खुर्चीपाशी श्यामभाऊंचा काळा अ‍ॅम्प, त्याचा लाल दिवा लागलेला, आणि अ‍ॅम्प हळू आवाजात घरघरत होता, म्हाताऱ्या फ्रिजसारखा. त्याच्यातून निघालेली एक केबल दारातून, मधल्या पॅसेजमधून, पुढच्या खोलीत गेली होती. मी तिच्या मागे मागे चालत गेले. ती भाऊजींच्या बेसमध्ये शिरत होती. दुसरी केबल त्याच बेसमधून निघून पुढच्या खोलीतल्या अ‍ॅम्पमध्ये.

भाऊजी थालीपीठ धरून उभे.

“टॉवेल सापडला?” त्यांनी विचारलं.

“भाऊजी, हे काय आहे?”

एखाद्या नव्या क्लार्कला नियम समजावावा तसं त्यांनी समजावलं. गिटारच्या तारेखाली चुंबक असतो, त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांतून वीज निघते. त्याला पिकअप म्हणतात. त्यांच्या बेसमध्ये हा पिकअप दोन तुकड्यांत होता, एक जाड दोन तारांखाली, एक बारीक दोन तारांखाली. दोन्ही तुकडे आत जोडलेले, म्हणून बाहेर एकच आवाज. त्यांनी तो जोड उखडला, लाजपतराय मार्केटमधून नवं सॉकेट आणलं, बेसच्या कडेला दुसरं भोक पाडलं आणि दोन्ही तुकड्यांच्या वायरी वेगवेगळ्या बाहेर काढल्या.

“म्हणजे तुम्ही दोघांची वेगळी चूल मांडून दिलीत,” मी म्हटलं.

“तसंच.”

“आणि एकाला गॅलरीकडच्या खोलीत हाकललंत.”

“तिथे ऊन असतं,” ते म्हणाले.

मग वाजवून दाखवलं. अंगठा जाड तारांवर चालायला लागला, तो आवाज आमच्यासमोर. बोटं बारीक तारांवर, तो आवाज तिकडून, पॅसेज ओलांडून. मी मधोमध उभी होते. दोन माणसं दोन खोल्यांतून एकमेकांना हाका मारतायत असं वाटत होतं, आणि इथे हातांची जोडी एकच. वरची चाल ओळखीची होती. मी तिच्यावर किती किलो मटार सोलले असतील!

“हे श्यामभाऊंचं ना?”

“त्याच्या जागा मला पाठ आहेत.” त्यांनी नजर तारांवरून उचलली नाही.

थांबल्यावर परत ती घरघर. आता दोन्ही खोल्यांतून. मी म्हटलं, “ही कसली? काहीतरी बिघडलंय.”

“बिघडलं नाही. ते दोन तुकडे एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात. एकत्र असले की एकाची घरघर दुसरा खोडून काढतो. वेगळे केले की दोघंही करत बसतात. काही इलाज नाही.”

“माहीत होतं?”

“आधीपासून.”

“आणि तरी केलंत?”

त्यांनी थालीपीठाचा तुकडा तोडला. “हे दुसरं भोक आहे ना वहिनी, त्यात आतून एक खटका ठेवलाय. यातली केबल काढली की तुकडे आतल्या आत परत जोडले जातात, आणि पहिल्यासारखा एकच बेस होतो.”

“तो कशाला?”

“कोणी आलंच तर त्याला त्याचा अ‍ॅम्प मोकळा करून द्यावा लागेल ना.”

 मी घरी आले आणि फोन हातात घेतला. ग्रुपवर खुलासा करायला हवा होता. पण एक माणूस स्वतःच दोन खोल्यांत वाजवतो, हे लिहायला अंगठा वळेना. अफवा जास्त बरी होती. तिच्यात निदान दोन माणसं होती.

मंगळवारी फोन वाजला.

“वहिनी, नमस्कार. श्याम बोलतोय. सहजच.”

“चार महिन्यांनी सहज? वा!”

“नाही, म्हटलं... बरे आहात ना सगळे? तो नवा कोण म्हणे?”

“कोण नवा?”

“वहिनी, प्लीज यार.”

“येतो एक. तुमच्याकडचीच गाणी वाजवतो.”

“माझ्या अ‍ॅम्पवर?”

“तुमच्याच.”

 त्यांच्यामागे कुकरची शिट्टी, कोणी मूल रडतंय. मग, “कसा वाजवतो?”

“अगदी तुमच्यासारखा. जरा जास्त चुकतो.”

“माझ्या खुर्चीत बसतो?”

आता खोटं कसं बोलायचं? “खुर्ची आहे तिथेच आहे,” मी म्हटलं. “श्यामभाऊ, तीन फेब्रुवारीला ट्रक येणार आहे. तुम्हीच या आणि बघा. रविवारी, चारला.”

“बघू,” ते म्हणाले. दिल्लीत ‘बघू’ म्हणजे नाही.

पुढच्या रविवारी धुकं होतं, आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन होतं, तरी आले नाहीत. मी भाऊजींना फोनबद्दल काही सांगितलं नव्हतं. जे येणार नाही त्याची आधी वर्दी देणं बरं नाही, एवढी अक्कल मला त्या महाप्रसादाने दिली होती. पलीकडे चार वाजता वाजवणं सुरू व्हायचं, दोन खोल्यांतलं, आणि मधे मधे थांबायचं. थांबलं की भिंतीला कान लावल्यावर ती घरघर ऐकू यायची. ती वाजवणं संपल्यावरही बराच वेळ चालू असायची. कोणीतरी दिवा न मालवता बसून राहावं तसं.

जानेवारी संपला. ऑफिसने शाल आणि घड्याळ दिलं. हार प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते मेट्रोने परत आले, मी जिन्यातच ओवाळलं आणि विचारलं, “नवरदेव, नवरी कुठे?” नाकातून हवासुद्धा आली नाही.

एक फेब्रुवारी, शेवटचा रविवार. त्यांचं घर खोक्यांत गेलं होतं. भांडी दुपारीच बांधली म्हणून जेवले आमच्याकडे, आणि चारला दहा कमी असताना घड्याळाकडे बघत उठले. थोड्या वेळाने वाजवणं सुरू झालं. मी सवयीने मटार घेतले.

जिन्यात पाऊल वाजलं. एक पायरी, मग थांबणं. परत दोन पायऱ्या. मी दार उघडून खाली बघते तर श्यामभाऊ, कठड्याला धरून, पांढरे बूट, डोक्यात माकडटोपी. पाठीवर गिटार नव्हती.

मी ओठांवर बोट ठेवलं. ते वर आले आणि माझ्या पायपुसण्यावर उभे राहून ऐकू लागले. पुढच्या खोलीतून जाड आवाज, मागच्या खोलीतून बारीक. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर फक्त सुनांच्या बाबतीत सासवांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

“बरा वाजवतो,” ते कुजबुजले. “पण ती जागा... ती माझी आहे.”

“जा ना आत.” मी बेल दाबली.

दोन्ही आवाज थांबले. भाऊजींनी दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी विजेच्या मीटरकडे बघत होते.

“ये,” भाऊजी म्हणाले.

“कुठाय तो?”

“कोण?”

“नवा. गिटारवाला.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मीटरचा आकडा वाचून काढला.

श्यामभाऊ खोक्यांमधून वाट काढत दुसऱ्या खोलीत गेले. मीही मागोमाग, मला कोणी बोलावलं नव्हतं, पण कधी बोलावतात? त्यांनी रिकामी खुर्ची बघितली. लाल दिवा बघितला. खाली वाकून केबल हाताने चाचपली, तिच्या मागे मान वळवत वळवत पॅसेजमधून पार पुढच्या खोलीतल्या बेसपर्यंत नजर नेली. मग खुर्चीत बसले. टोपी काढली.

“वाजव,” त्यांनी तिथूनच हाक मारली.

भाऊजींनी वाजवलं. श्यामभाऊंच्या पायाशी, त्यांच्याच खोक्यातून, त्यांचीच चाल यायला लागली. ते खाली त्या खोक्याकडे बघत होते.

“तिथे मी असं नाही वाजवत.”

“वाजवतोस,” पुढच्या खोलीतून उत्तर आलं. “बावीस वर्षं.”

“चूक आहे ती.”

“माहीत आहे. मी चुकीसकट पाठ केलंय.”

मी हसले. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

“गिटार कुठे तुझी?” भाऊजींनी विचारलं.

“माळ्यावर.” श्यामभाऊंनी डावा हात पुढे केला, पॅसेजच्या दिशेने, जणू तिकडून दिसणार होता. “शुगर. बोटं बधिर झालीत. तार दाबली गेली की नाही, कळतच नाही. गणपतीतच सुरू झालं होतं. मग रविवारी येऊन करणार काय होतो? बसून तुझ्याकडे बघत बसू?”

भाऊजी पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले, दोन्ही केबली मागे ओढत.

“बोलायचं होतंस.”

“आणि त्या दिवशी वायर खराब होती की काय, तुझ्या चॅनेलला घरघर होती रे. हॉलमध्ये फार. लोक मागे वळून बघायला लागले, मी हात केला. म्हटलं, एक गाणं झालं की सांगतो. तुझ्याकडे बघितलं तर तू डोळे मिटून...” ते थांबले. “नाही सांगवलं. पुढच्या गाण्यानंतर सांगू म्हटलं. असं करत अकरा झाली.”

दोन्ही खोल्यांत घरघर तेवढी उरली.

“अशीच होती,” श्यामभाऊ म्हणाले.

“दोघांना वेगळं केलं की करतात.”

“मग कशाला केलंस वेगळं?”

भाऊजी खांद्यावरचा पट्टा सारखा करत राहिले. मी बोलणार होते. पहिल्यांदाच आयुष्यात जीभ वेळेवर आवरली.

श्यामभाऊ उठले. पॅसेजमध्ये आले, बेसच्या कडेला वाकले, दोन्ही भोकांवरून उजव्या हाताची बोटं फिरवली. “कुठली?”

“खालची.”

त्यांनी ती केबल ओढली. आत कुठेतरी टक् झालं. मागच्या खोलीतला आवाज आधी गेला, मग पुढच्या अ‍ॅम्पमधली घरघरही थांबली. महिनाभर माझ्या भिंतीत बसलेला तो आवाज गेल्यावर मला खालच्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

श्यामभाऊ परत गेले आणि वेताची खुर्ची उचलून पुढच्या खोलीत घेऊन आले. भाऊजींच्या समोर ठेवली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. बसले.

“हं. वाजव.”

“काय वाजवू? एकट्या बेसवर गाणं होत नाही.”

“गाणं कोण मागतंय? तिसऱ्याच्या मध्यापासून. तुझं तुझं. अकराही.”

मी भांड्यांच्या खोक्यावर बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसता बेस ऐकला. त्यात चाल नसते, शब्द नसतात. माणूस अंधारात ओळखीच्या घरातून चालत जावा तसं, पायरी, वळण, उंबरा. आधी मला काही कळेना. चौथ्या गाण्यापासून कुठलं गाणं आहे ते कळायला लागलं, कारण श्यामभाऊंचा डावा हात मांडीवर हलत होता. बधिर बोटं जिथे जायची तिथे जात होती. भाऊजींनी डोळे मिटले नव्हते. समोर बघून वाजवत होते.

सातव्या गाण्याला आमचे हे मला शोधत आले आणि दारातच उभे राहिले. अकरावं संपलं तेव्हा टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. श्यामभाऊंनी विचारलं, “परत?”

“नको,” भाऊजी म्हणाले. “ट्रकवाल्याला फोन करायचाय.”

निघताना अ‍ॅम्पवरून घोळ झाला. श्यामभाऊ म्हणाले, मी त्याचं काय करू? भाऊजी म्हणाले, ने तू. मी कधी आलो तर लागेल. शेवटी कॅब बोलावली. काळा खोका मागच्या सीटवर बसवला, आणि भाऊजींनी त्याला सीटबेल्ट लावला. मी म्हटलं, “घ्या, नवा पाहुणा निघाला सासरी!” तेव्हा मात्र नाकातून हवा आली. दोघांच्याही.

मंगळवारी ट्रक आला. नाशिकहून पोचल्याचा फोन आला, मग एकदा संक्रांतीचा मेसेज, तोही संक्रांत होऊन महिना झाल्यावर. श्यामभाऊंचं आणि त्यांचं बोलणं होतं म्हणे रविवारी. होतं का हे मी विचारलं नाही. ग्रुपवर सुरुची अजून विचारते, तो गिटारवाला शेवटी निघाला कोण? मी लिहिलं, फरीदाबादचा होता. पुढे माकड नाही टाकलं.

पलीकडे आता भुवनेश्वरचं कुटुंब आलंय. चांगली माणसं आहेत, टीव्ही मोठा लावतात. परवा दुपारी मी मटार सोलत असताना तिकडे कोणीतरी शिंकलं. मी सवयीने मोठ्याने म्हटलं, “शतं जीव!”

पलीकडचा टीव्ही क्षणभर बारीक झाला. मग परत मोठा.